सिंहगडावर स्कूटरी नेताय? हळू गाडी पुढे ठेवा

रविवारी पाच-सहा स्कूटरी मिळून सिंहगडावर निघालात, तर डबलसीट असलेली, सगळ्यात हळू गाडी पुढे ठेवा. नाहीतर चढावर ती मागे पडते आणि पुढचे वळणावर थांबून फोन लावत बसतात.

खरी परीक्षा उतरताना. बिनगिअरच्या स्कूटरचा वेग फारच कमी झाला की क्लच सुटतो, इंजिन गाडीला धरून ठेवत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणं म्हणजे तर शुद्ध वेडेपणा! दोन्ही ब्रेक एकत्र, दाबत-सोडत वापरा. जळका वास आला किंवा लिव्हर ढिला लागला, की कडेला घ्या, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका. दह्याचं मडकं डिकीत ठेवायचं असेल, तर आधी रेनकोट बाहेर काढा.