गर्दीसाठी हॅम-चीज स्लायडर: सगळा घोळ बुडाशी

पाव कापा, हॅम ठेवा, चीज ठेवा, वरून वितळलेलं लोणी ओता, ओव्हनमध्ये ढकला. हॅम-चीज स्लायडरची कृती कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल. यातलं 'ओता' सोडलं तर बाकी सगळं बरोबर आहे. त्या 'ओता'पायी माझ्या पाच लाद्या मातीत गेल्यात.

तीस माणसं यायची होती, म्हणून साठ स्लायडर धरले. आदल्या रात्री सगळं रचलं. प्रत्येक लादीवर लोण्याची अख्खी कांडी, म्हणजे ११३ ग्रॅम, वितळवून ओतली आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवली, कारण कृतीत तसंच लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी भाजल्यावर वरून सोनेरी रंग आला होता, खसखस चमकत होती आणि वास तर असा की लोक स्वयंपाकघरात डोकावायला लागले. पहिला स्लायडर उचलला तर वरचा अर्धा हातात आला आणि खालचा ट्रेलाच बसून राहिला. बोटांनी सोडवायला गेलो तर ओल्या पुठ्ठ्यासारखा तुकडे होऊन सुटला. पाहुण्यांनी काट्याने खाल्लं आणि 'मस्त झालंय' म्हणाले. काट्याने खाताना!

हा पदार्थ हातात धरून खायचा आहे. स्लायडर हे नाव मुळात छोट्या हॅम्बर्गरचं. अमेरिकेत विचिटा शहरात १९२१ साली सुरू झालेल्या व्हाइट कॅसलच्या इवल्या चौकोनी बर्गरांना ते चिकटलं. हॅम घालून भाजलेला हा प्रकार अमेरिकेच्या दक्षिण भागात इतका रुळलाय की त्याला 'फ्युनरल सँडविच' असंही म्हणतात, कारण मयताच्या घरी शेजारीपाजारी तो ट्रे भरून नेतात. आधी करून ठेवता यावा, उचलून नेता यावा आणि ताटली धरून उभ्या उभ्या खाता यावा, एवढ्यासाठीच तो आहे. बूड भिजलं की उभ्याने खाणं संपलं.

एका लादीचा हिशेब

एकमेकांना जोडलेले १२ मऊ गोड पाव, ३०० ग्रॅम पातळ कापलेला हॅम, २५० ग्रॅम चीजचे काप, ६० ग्रॅम लोणी, दीड मोठा चमचा डिजॉन मस्टर्ड, एक छोटा चमचा वूस्टरशर सॉस, एक मोठा चमचा वाळवलेल्या कांद्याचा चुरा आणि एक छोटा चमचा काळसर खसखस. लोणी वाचून 'एवढंच?' असं वाटलं असेल. हो, एवढंच.

सोबत इतर खाणं असेल तर माणशी दोन, हेच जेवण असेल तर तीन ते चार. तीस जणांना पाच लाद्या पुरतात, पण मी सहा करतो. ओव्हन एकदा तापलाच आहे, तर एक लादी जास्त करायला फार काही लागत नाही.

पाव गोड आणि मऊच हवेत. हवाईत पोर्तुगीज स्थलांतरितांनी नेलेल्या गोड पावाचे हे वंशज. रॉबर्ट तायरा यांनी १९५० मध्ये हिलोला काढलेल्या बेकरीतून पुढे किंग्ज हवायन हा ब्रँड आला आणि आता स्लायडर म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेच नारिंगी पाकीट येतं. हॅमच्या खारटपणाला ही गोडी छान झेलते. पण असा पाव स्पंजासारखा पितो आणि साखरेमुळे वरून लवकर करपतो, हे दोन दुर्गुण लक्षात ठेवा. पुढची सगळी खटपट त्यांच्यासाठीच आहे.

हॅमचं पाकीट उलटं करून वाचा

अमेरिकेत हॅमच्या पाकिटावर चार पायऱ्यांपैकी एक छापलेली असते: नुसता 'हॅम', 'नैसर्गिक रसासह हॅम', 'पाणी घातलेला हॅम' आणि 'हॅम व पाण्याचा पदार्थ'. या क्रमाने प्रथिनं कमी होत जातात आणि पाणी वाढत जातं. चौथा प्रकार ओव्हनमध्ये गेला की अक्षरशः पाझरतो. पहिल्या दोन पायऱ्यांतला घ्या, आणि पातळ कापलेला घ्या. जाड काप चावताना अख्खा ओढला जातो आणि स्लायडर रिकामा होतो.

चीज स्विस घ्या. सौम्य हवं असेल तर प्रोव्होलोन. खूप मुरलेलं चेडर उष्णतेने फुटतं आणि त्याचं तेल सुटून खाली उतरतं, तेव्हा ते इथे नको. किसून पाकिटात भरलेलं चीजही नको. किस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे ते एकसंध वितळत नाही. आपल्याला चीजचा थर हवा आहे, भुरभुर नको. कारण पुढे येतंच आहे.

लादी कापणे

पाव सुटे करू नका. लादी आख्खी ठेवून लांब करवती सुरीने आडवी कापा, खालचा भाग वरच्यापेक्षा किंचित जाड राहील अशी. लादी गार असेल तर सुरी सरळ जाते.

बूड

आता मुद्द्याचं. भिजलेल्या बुडावर लोक जे उपाय सांगतात ते म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कुणी म्हणतं वरून जास्त वेळ भाजा, कुणी म्हणतं आच वाढवा. वरचा पाव कोळसा होतो आणि खालचा लापशीच राहतो. ओल नेमकी कुठून येते हे आधी बघा. हॅममधून पाणी सुटतं, फॉइलखाली वाफ कोंडते आणि वरून ओतलेलं लोणी पावांच्या खाचांतून थेट ट्रेच्या तळाशी जाऊन साचतं. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणीच असतं. या तीन वाटा बंद करायच्या.

आधी खालची लादी एकटी भाजा. कापलेली बाजू वर ठेवून १८० अंश सेल्सियसला चार-पाच मिनिटं. रंग यायची वाट बघू नका. नखाने हलकेच खरवडून बघा, टोस्टसारखी खरखर ऐकू आली की झालं. मऊच लागलं तर आणखी एक मिनिट. या पायरीला 'नसली तरी चालते' असं लिहिलेलं मी अनेकदा वाचलंय. लिहिणाऱ्याने बहुधा चार जणांसाठी केले असतील आणि ओव्हनमधून काढल्या काढल्या खाल्ले असतील. ज्या ट्रेला अर्धा तास टेबलावर थांबायचं आहे, त्याला ही पायरी हवीच.

लादी गरम असतानाच तिच्यावर चीजचे काप पसरा, कडेपर्यंत, फट न ठेवता. उष्णतेने ते पावाला चिकटतात आणि हॅमचं पाणी अडवणारा थर तयार होतो. चीज नुसतं हॅमच्या वर घालायचा सल्ला मला कधीच कळला नाही. अर्धं चीज खाली, अर्धं वर, मध्ये हॅम. वरचं चीज वरच्या पावाला धरून ठेवतं, खालचं बुडाची राखण करतं.

हॅम ठेवण्याआधी टिपून घ्या. किचन पेपरवर काप पसरा, वर दुसरा कागद ठेवा आणि तळहाताने दाबा. कागद उचलून बघा, केवढा ओला होतो ते. ते सगळं पाणी तुमच्या पावात जाणार होतं. मग काप सपाट न रचता हलके चुरगळून ठेवा. सपाट रचलेला हॅम पत्त्यांच्या गड्डीसारखा घट्ट बसतो आणि आतपर्यंत तापायला वेळ घेतो.

मस्टर्ड आत लावायचं असेल तर अर्धा चमचा, फक्त वरच्या लादीच्या आतल्या बाजूला. खाली काहीही लावू नका. मेयोनेझ लावलं की ओल अडते असंही सांगतात. गार सँडविचमध्ये ते खरं असेल, पण ओव्हनमध्ये मेयोनेझ फुटतं आणि त्याचंच तेल पाव पितो.

आता लोणी. मंद आचेवर वितळवा, गॅस बंद करा, त्यात उरलेलं मस्टर्ड, वूस्टरशर सॉस आणि कांद्याचा चुरा घालून फेटा आणि बाजूला ठेवा. पातळ मधासारखं दाटसर होईपर्यंत थांबा. गरम आणि पातळ मिश्रण वाहतं, दाट झालेलं बसतं. ब्रशने लावायचं, फक्त पावांच्या माथ्यावर. खाचांमध्ये ब्रश घालायचा मोह आवरा. ब्राउन शुगर घालणारेही आहेत. पाव आधीच गोड आहे, वर आणखी साखर घालून करपवायची कशाला?

आणि हे मिश्रण सुरुवातीला लावायचंच नाही. कोरडी लादी फॉइलखाली भाजायची आणि फॉइल काढल्यावर ते लावून वर खसखस भुरभुरायची. हे मला सहाव्या-सातव्या खेपेला सुचलं आणि आधी का सुचलं नाही म्हणून स्वतःचाच राग आला. शेवटच्या सात मिनिटांत लोण्याला खाली उतरायला वेळच मिळत नाही, आणि माथा सोनेरी व्हायला तेवढा वेळ पुरतो.

ट्रे आणि भाजणं

काचेचं खोल भांडं कपाटातच राहू द्या. काच सावकाश तापते आणि उंच कडा वाफ धरून ठेवतात. ४६ × ३३ सेंटिमीटरचा बुटक्या काठाचा धातूचा ट्रे घ्या. त्यात दोन लाद्या शेजारी शेजारी बसतात. तळाला बेकिंगचा कागद घाला.

ओव्हन १८० अंशांवर पूर्ण तापलेला हवा. पंखा चालू असेल तर १६०. वर फॉइल सैल टाका, पावाला टेकू देऊ नका, आणि दोन बाजू उघड्या ठेवा. पंधरा मिनिटांनी फॉइल काढा, पण सरळ वर उचलू नका. तिच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले असतात. फॉइल हलली की ते टपटप पावावर पडतात आणि तिथे पांढरट, लिबलिबीत डाग उठतात. एक कड धरून झटकन बाजूला ओढा. मग लोणी, खसखस आणि उघड्यावर सहा ते आठ मिनिटं. मधल्या पावात थर्मामीटर खुपसून ६० अंश दिसले पाहिजेत. मधलेच पाव शेवटी तापतात, कडेचे बघून फसू नका.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबा, मग कागदासकट लादी जाळीवर सरकवा. गरम ट्रेवर तशीच राहिली तर इतका वेळ जपलेलं बूड खालच्या वाफेने शेवटच्या क्षणी भिजतं. कापताना करवत चालवू नका. लांब सुरी खाचेत ठेवून सरळ खाली दाबा. मागेपुढे केलं की हॅम सुरीबरोबर बाहेर येतो.

सहा लाद्यांचं गणित

सहा लाद्या म्हणजे तीन ट्रे. एका वेळी दोन खणांत दोन ट्रे, आणि फॉइल काढताना वरचा खाली, खालचा वर. तिन्ही एकदम कोंबले तर मधला ट्रे भाजला जात नाही, नुसता वाफवला जातो. पहिले दोन बाहेर आले की तिसरा आत. घरच्या गर्दीत सगळे एकाच मिनिटाला ताटली घेऊन येत नाहीत, तेव्हा हे अंतर सोयीचंच पडतं. थोडा वेळ गरम ठेवायचे असतील तर ओव्हन ९५ अंशांवर आणून ट्रे आत ठेवा, वर फॉइल नुसती टेकवलेली. अर्ध्या तासापलीकडे पाव सुकायला लागतो. टेबलावर दोन तासांहून जास्त राहिलेले खाऊ नका, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच.

आदल्या रात्री रचायचे असतील तर भाजलेली खालची लादी आधी पूर्ण गार होऊ द्या आणि चीज गार लादीवरच घाला. कोमट असताना झाकलीत तर वाफ आतच राहते आणि केलेली मेहनत रात्रीत फुकट जाते. लोण्याचं मिश्रण वेगळ्या वाटीत ठेवा. सकाळी ते घट्ट झालेलं असेल, जरा कोमट करा. ट्रे भाजण्याआधी अर्धा तास बाहेर काढा आणि फॉइलखालची पंधरा मिनिटं वीस करा.

उरलेच तर फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात. गरम करताना १६० अंशांच्या ओव्हनमध्ये दहाएक मिनिटं, आतून ७४ अंश होईपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये टाकणार असाल तर काटा जवळ घेऊन बसा.