चारशे बारा माणसं, पण सातच संध्याकाळी: स्टॅट्सच्या प्रोजेक्टमध्ये मी कुठे आपटले

आधीच सांगते, माझा प्रोजेक्ट फेल वगैरे झाला नव्हता, मार्क बरे पडले. पण प्रेझेंटेशनच्या दिवशी रिझल्टच्या स्लाइडवर जे झालं ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात, आणि ते टाळणं इतकं सोपं होतं म्हणून जास्तच चिडचिड होते. एमएस्सी स्टॅट्सला नाहीतर टीवायला असाल आणि प्रोजेक्ट अजून "बघू, गणपतीनंतर ठरवू" या स्टेजला असेल तर वाचा. मीन, टी-टेस्ट, पी व्हॅल्यू म्हणजे काय ते सांगत बसत नाही, तेवढं तुम्हाला येतंच.

माझा विषय होता ठाणे स्टेशनची शेअर रिक्षाची लाइन. पश्चिमेला सॅटीसच्या, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या उंच डेकच्या, खाली लागते ती, मी स्वतः रोज त्यातच उभी असायचे. पाऊस आला की लाइन लांबते हे ठाण्यातलं शेंबडं पोरही सांगेल, पण किती लांबते हे कोणी मोजत नाही. म्हणून प्रश्न घेतला की पावसाळी संध्याकाळी रिक्षा मिळायला कोरड्या संध्याकाळपेक्षा किती जास्त वेळ लागतो. प्रश्न चांगला होता, मी अजूनही म्हणते. वर्गातले अर्धे जण व्हॉट्सॲपवर गूगल फॉर्म फिरवून "सोशल मीडियाचा अभ्यासावर परिणाम" करत होते. त्या फॉर्मला उत्तरं कोण देतं? तुमचेच मित्र, तेही "भर ना यार" म्हणून मागे लागल्यावर. असला प्रोजेक्ट करायचा तर करा, पण मग निष्कर्षात "आजच्या तरुणाईत" असं लिहू नका प्लीज.

पहिल्या संध्याकाळी आम्ही, म्हणजे मी आणि मदतीला आलेली मैत्रीण, माणसं कपड्यांवरून ओळखायचं ठरवलं. वहीत नोंद अशी: "निळा चेक्स, काळी सॅक, ६:४२". सात वाजेपर्यंत लाइनीत निळ्या चेक्सवाले काळ्या सॅकचे पाच जण झाले, कोण कधी रिक्षात बसला देव जाणे. ती पूर्ण संध्याकाळ कचऱ्यात गेली. पण त्यालाच पायलट म्हणतात हे नंतर कळलं. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी १९३० च्या दशकात बंगालमधल्या तागाच्या सर्व्हेसाठी आधी छोटे छोटे सर्व्हे करून बघितले आणि मग व्याप वाढवला, आणि आपण मात्र थेट मोठ्या डेटावर उडी मारतो. एक संध्याकाळ फुकट घालवायची तयारी ठेवाच.

मग आईच्या कपाटातल्या जुन्या लग्नपत्रिका कापून नंबर घातलेली कार्डं केली. लाइनीच्या शेपटाला मी कार्ड देणार, वेळ लिहिणार. पुढे रिक्षात बसताना मैत्रीण कार्ड परत घेऊन वेळ लिहिणार. दर चौथ्या माणसाला कार्ड. आधी दर तिसऱ्याला ठरलं होतं, पण रिक्षात माणसं तीनच बसतात, म्हणजे लय जुळली की प्रत्येक रिक्षातला एकाच जागेवरचा माणूस आपल्या हाती लागणार, म्हणून चौथ्यावर गेलो. हे मात्र आमचं आम्हाला सुचलं, याचा मला अजून अभिमान आहे.

पावसाळी म्हणजे काय हेही आधीच ठरवून घ्या. हवामान खात्याच्या हिशोबात २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला की तो पावसाचा दिवस, पण त्यांचे २४ तास सकाळी साडेआठला संपतात. आपल्याला हवी ६ ते ८ ची वेळ. दुपारी धो धो कोसळून संध्याकाळी ऊन पडलेलं ठाणे काय नवीन आहे का? म्हणून आम्ही सरळ नियम केला, सहा वाजता लाइनीत बहुतेकांच्या छत्र्या उघड्या असतील तर पावसाळी. जरा गावठी वाटतो, पण लिहून ठेवलेला होता आणि नंतर बदलला नाही, तेवढं पुरतं.

तर जुलै-ऑगस्टमध्ये सात संध्याकाळी झाल्या, चार कोरड्या, तीन पावसाळी, आणि एकूण ४१२ माणसं. एक्सेलमध्ये टी-टेस्ट लावली, उत्तराच्या शेवटी ई-११, म्हणजे दशांश चिन्हानंतर आधी दहा शून्यं. मला वाटलं फॉर्म्युला चुकला. नाही, पी व्हॅल्यूच तेवढी बारीक होती, म्हणजे पावसाने फरक पडत नसता तर एवढा फरक योगायोगाने दिसणं जवळजवळ अशक्य! मी घरी पेढे मागायच्या बेतात होते.

प्रेझेंटेशनला बाहेरून आलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "हे ४१२ लोक किती संध्याकाळी मोजले?"

"सात, मॅडम."

"मग तुमचा एन सात."

एवढंच. एन म्हणजे स्वतंत्र नोंदी किती ते. मी काहीतरी बडबडले, सॅम्पल साइज मोठा आहे, सेंट्रल लिमिट थिअरम आहे. त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

आता हे जरा पाल्हाळ लावून सांगणार आहे, कारण इथेच मी मेले. माझा प्रश्न पावसाबद्दल होता, आणि पाऊस माणसागणिक पडत नाही, संध्याकाळीगणिक पडतो. त्या दिवशी लाइनीत उभ्या असलेल्या सगळ्या ६० जणांना तोच पाऊस, त्याच उशिरा आलेल्या लोकल, तोच ट्रॅफिक जाम, कमी रिक्षा असतील तर त्याही सगळ्यांनाच कमी. एकाला वीस मिनिटं लागली तर त्याच्या मागच्याला साधारण वीसच लागणार, त्याच्याकडून नवीन माहिती जवळजवळ काहीच मिळत नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तसं. पण एकाच पातेल्यातली साठ शितं दाबून बघितली तर परीक्षा एकाच भाताची झाली, साठ भातांची नाही. मी सात पातेली शिजवली होती आणि शितं मोजत बसले होते.

या भानगडीला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, हर्लबर्ट नावाच्या इकॉलॉजिस्टने १९८४ मध्ये हा शब्द रूढ केला. सर्व्हेवाले हेच डिझाइन इफेक्टने मोजतात: १ + (एम − १) × रो, यात एम म्हणजे एका गटातली माणसं आणि रो म्हणजे गटातल्या गटात माणसं एकमेकांसारखी किती. माझ्याकडे एम साधारण ५९. रो नुसता ०.१ धरला तरी उत्तर ६.८ येतं, म्हणजे ४१२ ला त्याने भागलं की उरले साठेक. ०.३ धरला तर बावीस. लाइनीत रो ०.३ पेक्षा कमी असेल असं मला तरी वाटत नाही.

आणि माझ्यासारखी तुलनाच गटागटांत असेल तर अजून वाईट. सात संध्याकाळींतून तीन निवडायचे प्रकार ३५. म्हणजे तिन्ही पावसाळी संध्याकाळी चारही कोरड्यांपेक्षा वाईट निघाल्या, यापेक्षा चांगला निकाल शक्यच नाही असं धरलं, तरी क्रमांकांवर आधारलेल्या टेस्टमध्ये दोन बाजूंची पी व्हॅल्यू ३५ पैकी २, म्हणजे ०.०५७. त्या टेस्टमध्ये माझ्या डिझाइनला ०.०५ च्या, म्हणजे नेहमीच्या मर्यादेच्या, खाली जाताच येत नव्हतं! एकही माणूस मोजायच्या आधी हे पेनाने कागदावर निघालं असतं. टी-टेस्ट केली तरी सात संध्याकाळींवर डिग्री ऑफ फ्रीडम ५, टेबलात ओलांडायचा आकडा २.५७१, आणि मी ४१० धरून १.९६ वर खूश.

आता खरा जळफळाट ऐका. पावसाळी संध्याकाळ एक जरी जास्त असती, चार आणि चार, तर प्रकार ७०, पी व्हॅल्यू ०.०२९ पर्यंत खाली जाऊ शकली असती. आणि ती संध्याकाळ आली होती. ऑगस्टच्या शेवटी मस्त कोसळत होता, मैत्रीण फोन करत होती, आणि मी म्हटलं "अगं ३५० च्या वर झालेत, बास की", आणि आम्ही मामलेदार मिसळ खायला गेलो. मिसळ छान होती.

गाइडला दोष देत नाही, पण थोडा देते. माणूस चांगला, फक्त प्रत्येक गोष्टीला "चालेल". विषय चालेल, फॉर्म चालेल, ४१२ तर एकदम चालेल. चालेल म्हणणारा गाइड गोड वाटतो आणि महागात पडतो. डिपार्टमेंटमध्ये एक खडूस सर किंवा मॅडम असतातच ज्यांना सगळे टाळतात, प्लॅनचं एक पान त्यांच्याकडे न्या आणि "कसं वाटलं" असं विचारू नका, "यात काय बिघडेल" असं विचारा. पण डेटा गोळा करायच्या आधी. स्टॅटिस्टिक्समधले दिग्गज फिशर १९३८ मध्ये कलकत्त्यातल्या स्टॅटिस्टिक्सच्या परिषदेत हेच बोलून गेलेत, प्रयोग उरकल्यावर स्टॅटिस्टिशियनकडे जाणं म्हणजे पोस्टमॉर्टेम करायला सांगणं. माझं पोस्टमॉर्टेम दहा जणांसमोर झालं.

प्लॅनच्या त्या पानावर काय असावं? प्रश्न एका वाक्यात, आणि रिझल्टचा तक्ता, पण रिकामा. आडव्या ओळी आखा आणि स्वतःला विचारा, एक ओळ म्हणजे काय, माणूस, रिक्षा की संध्याकाळ. आणि ज्याची तुलना करताय ती गोष्ट, माझ्याकडे पाऊस, कोणत्या पातळीवर बदलते. दोन्ही उत्तरं वेगळी आली की थांबा. शाळेचं माध्यम बघताय तर शाळा मोजा, मुलं नाही. खत बघताय तर वाफे मोजा. तयार प्रोजेक्ट विकत घेणाऱ्यांना आणि घरी बसून डेटा भरणाऱ्यांना काही सांगत नाही, फक्त इतकंच की खोट्या डेटात कोणालाच ४७ मिनिटं थांबावं लागत नाही आणि कोणीच कंटाळून चालत निघून जात नाही. आमच्याकडे तेही झालं, काही कार्डं परतच आली नाहीत, आणि पावसात जास्त. ते लोक नुसते गाळले तर पावसाळी वेळ आहे त्यापेक्षा कमी दिसतो, कारण जास्त थांबलेलेच पळतात. त्यांची नोंद वेगळी ठेवा.

प्रेझेंटेशनचं म्हणाल तर माझ्या २६ स्लाइड होत्या आणि वेळ दहा मिनिटं. पहिली दोन मिनिटं मी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी कशी आली, ३४ किलोमीटर, हे सांगण्यात घालवली. सगळं खरं, माझ्या प्रश्नाशी संबंध शून्य. पहिल्या स्लाइडवर प्रश्न टाका, दुसरीवर कसं मोजलं ते, कार्ड खिशातून काढून दाखवा, लोक जागे होतात. आणि रिझल्टला दोन जाडजूड बार लावू नका. मी लावले होते, त्यात सात संध्याकाळी लपून गेल्या. प्रत्येक संध्याकाळचा एक ठिपका काढला असता, चार इकडे तीन तिकडे, तर ते माझं मलाच आदल्या रात्री दिसलं असतं.

आणि घाबरू नका हो. एवढं होऊनही रिपोर्ट सुधारायला दोन आठवडे मिळाले. पाऊस तर संपला होता, नवीन डेटा कुठून आणणार? मग तोच डेटा दुसरीकडून बघितला, प्रत्येक संध्याकाळी ६ ते ७ विरुद्ध ७ ते ८. ही तुलना त्याच संध्याकाळच्या आतली, म्हणजे सात जोड्या, आणि सातही एकाच बाजूला गेल्या तर साइन टेस्टमध्ये, जी फक्त किती जोड्या कोणत्या बाजूला गेल्या ते मोजते, १२८ पैकी २, ०.०१६. सहाच गेल्या. पी व्हॅल्यू ०.१२५. तेही जसंच्या तसं लिहिलं, वर स्पष्ट टाकलं की हा प्रश्न डेटा बघितल्यावर सुचलेला आहे, आणि पावसाच्या भागाला पायलट म्हटलं. बाईंनी त्या पानावर बरोबरची खूण केली होती, मार्कही तिथेच वाढले असावेत.

पावसावरच काही करायचं असेल तर गाइडची सही मेमध्ये घ्या आणि दोन्हीकडे निदान पाच-पाच संध्याकाळी धरा, एखादी दहीहंडीत नाहीतर मेगाब्लॉकमध्ये वाया जाणारच. सध्या मी ऐरोलीला नोकरीला आहे, संध्याकाळी त्याच लाइनीत उभी असते. कार्डांची पिशवी घरी पडून आहे, ज्युनिअर्सना हवी असेल तर घेऊन जा, परत न आलेले नंबर तेवढे नवीन कापून घ्यावे लागतील.