छोट्या एअरफील्डवर दोन विमानं एकाच रनवेवर येऊ नयेत म्हणून

मुंबईतून बरीच पोरं फ्लाइंग शिकायला बाहेर जातात, त्यांच्यासाठी लिहितोय. जुहूला दोन रनवे एकमेकांना क्रॉस करतात पण तिथे विमानांना सूचना देणारा कंट्रोल टॉवर आहे, जिथे टॉवर नाही तिथे मात्र डोळे आणि रेडिओ एवढंच हातात असतं.

सगळ्यात आधी फ्रिक्वेन्सी आणि व्हॉल्यूम चेक करा, कारण चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर तुम्ही कितीही छान बोललात तरी ऐकणारं कोणीच नसतं. मग डाउनविंड (रनवेला समांतर, उतरायच्या उलट दिशेने), बेस (रनवेकडे वळणारा आडवा टप्पा), फायनल (रनवेच्या सरळ रेषेत उतरताना), प्रत्येक वेळी रनवेचा नंबर सांगून कॉल द्या. वारा पडलेला असेल तेव्हा जास्त जपा, एकजण ०९ वरून निघतो आणि दुसरा २७ वर उतरत असतो, पट्टी एकच, फक्त टोकं समोरासमोरची!

आणि रेडिओ शांत आहे म्हणजे आकाश रिकामं असं अजिबात समजू नका, समोरच्याचा रेडिओ बंदही असू शकतो. रनवेवर जायच्या आधी विमान थोडं वळवून फायनल नीट बघा, दुसऱ्या टोकाकडेपण बघा. हाय विंगवाल्याला (पंख केबिनच्या वर) वरचं दिसत नाही, लो विंगवाल्याला (पंख खाली) खालचं, त्यामुळे फायनलवर एकावर एक येऊनही दोघांना पत्ता नसतो, म्हणून शॉर्टकट न मारता पूर्ण सर्किट (रनवेभोवतीची ठरलेली फेरी) करा. हिवाळ्यात धुरकट असतं, लँडिंग लाइट लावाच.

शंका आली की गो अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जायचं, लाजायचं नाही. उतरल्यावर रेंगाळू नका, पूर्ण बाहेर आलात की मगच ‘रनवे व्हेकेटेड’ म्हणा.