ट्रेटर, ट्रेचरस की नुसता डिसलॉयल: इंग्रजीत दगाबाजीचा शब्द कसा निवडायचा

मराठीत आपल्याकडे गद्दार, फितूर, दगाबाज, बेइमान, घरभेदी असा भरपूर साठा आहे आणि कुठला कधी वापरायचा हे कुणी शिकवावं लागत नाही. ग्रुप सोडून दुसऱ्यांबरोबर ट्रेकला गेलेल्या मित्राला आपण चेष्टेत गद्दार म्हणतो पण फितूर नाही म्हणत, कारण फितूर म्हटलं की किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणारा माणूस डोळ्यासमोर येतो. इंग्रजीत लिहायची वेळ आली की मात्र डिक्शनरीत पहिला दिसेल तो शब्द उचलायचा, बहुतेक वेळा ट्रेटर, आणि मग ऑफिसच्या साध्या तक्रारीच्या मेलमध्ये समोरच्याला डायरेक्ट फासावर चढवल्यासारखं वाटतं.

म्हणून शब्द शोधायच्या आधी स्वतःला एकच विचारायचं, हा माणूस नेमकं कुणाचं काय देणं लागत होता? देशाचं इमान, लग्नातलं वचन, मालकाचे पैसे, की फक्त मैत्री? उत्तर मिळालं की अर्धे शब्द आपोआप गळतात.

सगळ्यात वजनदार ट्रीझन. हा राज्याविरुद्धचा गुन्हा आहे, आणि त्यासाठी आधी तुम्ही त्या राज्याचं इमान देणं लागायला हवं. याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे विल्यम जॉइस, दुसऱ्या महायुद्धात जर्मन रेडिओवरून ब्रिटनविरुद्ध बोलणारा, लोक त्याला लॉर्ड हॉ-हॉ म्हणायचे. हा गडी जन्मला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, म्हणजे ब्रिटिश नागरिकच नव्हता, मग ब्रिटनशी ट्रीझन कसं केलं? तर त्याने खोटी माहिती देऊन ब्रिटिश पासपोर्ट काढला होता, आणि कोर्ट म्हणालं की पासपोर्टचं संरक्षण घेतलंस ना, मग तो चालू होता तोपर्यंत इमानही तुझ्यावर बंधनकारक. ३ जानेवारी १९४६ ला त्याला फाशी झाली. दुसऱ्याच दिवशी थिओडोर शुर्च नावाच्या ब्रिटिश सैनिकाला फाशी झाली, पण त्याचा गुन्हा ट्रीझन नाही, ट्रेचरी! कारण १९४० मध्ये ब्रिटनने ट्रेचरीचा वेगळा कायदा केला होता, ब्रिटनचं काहीच देणं न लागणाऱ्या जर्मन हेरांवर ट्रीझन लावणं अवघड होतं म्हणून, पण तो ब्रिटिश माणसालाही लागायचा. पॅराशूटने उतरलेला योसेफ याकोब्स याच कायद्याखाली १९४१ मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये गोळ्या घालून मारला गेला.

अमेरिकेत तर आणखी कडक. त्यांच्या राज्यघटनेत व्याख्या झालेला हा एकच गुन्हा, आणि तो सिद्ध करायला एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार लागतात किंवा भर कोर्टात कबुली. सोव्हिएत रशियाला अणुबाँबची गुपितं पुरवल्याच्या प्रकरणातल्या रोझेनबर्ग नवरा-बायकोला १९५३ मध्ये मृत्युदंड दिला गेला तोही हेरगिरीच्या कटासाठी, ट्रीझनसाठी नाही. तेव्हा कुणी त्यांच्याबद्दल लिहिताना 'ट्रीझनची शिक्षा' लिहिलं तर सरळ खोडा. (जुन्या इंग्लंडमध्ये बायकोने नवऱ्याला किंवा नोकराने मालकाला मारलं तर त्याला पेटी ट्रीझन म्हणायचे, साध्या खुनापेक्षा वरचा गुन्हा, १८२८ पर्यंत होता हा प्रकार. नवऱ्याने बायकोला मारलं तर मात्र नुसता खून.)

कायदा बाजूला ठेवला तर ट्रेचरी हा रोजच्या वापरातला शब्द आहे आणि त्यात जोर असतो पद्धतीवर, म्हणजे वरून गोड आणि आतून घात, आपण ज्याला केसाने गळा कापणं म्हणतो ते. त्यामुळे ट्रेचरस समुद्र असतो, ट्रेचरस घाट असतो, पावसाळ्यात वरून शांत दिसणारं पण आत ओढून नेणारं पाणी असतं. ट्रेटरस मात्र फक्त माणूस किंवा त्याचं कृत्य. घाटरस्त्याला ट्रेटरस लिहिलं की वाचणारा हसणार.

पर्फिडी हा जरा पुस्तकी शब्द, दिलेला शब्द मोडण्यावर भर असलेला. पण युद्धाच्या कायद्यात त्याला एकदम नेमका अर्थ आहे आणि इथे गंमत अशी की दगा चक्क शत्रूशी होतो. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जो पहिला जादा प्रोटोकॉल जोडला त्यात लिहिलंय की शरण आल्याचं, जखमी असल्याचं किंवा सामान्य नागरिक असल्याचं सोंग घेऊन समोरच्याला मारणं म्हणजे पर्फिडी, ते चालणार नाही. पण कॅमोफ्लाज, खोट्या हालचाली, चुकीची माहिती पसरवणं हे सगळं चालतं, त्याला रूझ म्हणतात. म्हणजे गनिमी काव्याबद्दल इंग्रजीत लिहिताना ट्रेचरी आणि पर्फिडी दोन्ही शब्द लांब ठेवा, जुन्या इंग्रज लेखकांनी मराठ्यांबद्दल लिहिताना हे शब्द सढळ हाताने वापरलेत आणि आपणच ते कॉपी करायची काही गरज नाही.

सेडिशन (राजद्रोह) आणि म्युटिनी हे तर ज्याच्या हातात सत्ता त्याचे शब्द. म्युटिनी म्हणजे सैन्यात किंवा जहाजावर वरिष्ठांविरुद्ध उठणं, म्हणून १९४६ मध्ये मुंबईत तलवार या नौदलाच्या तळावर जे सुरू झालं त्याला इंग्रज म्युटिनी म्हणाले, आपण उठाव म्हणतो. सेडिशनमध्ये तर हत्यारही लागत नाही, लिहिलेलं किंवा बोललेलं पुरतं. टिळकांवरच्या १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेचींनी सांगितलं की सेडिशनच्या कलमातलं डिसअफेक्शन म्हणजे सरकारबद्दल प्रेमाचा अभाव, बस, म्हणजे सरकारवर प्रेम नाही हाच गुन्हा! दीड वर्षाची शिक्षा झाली, आणि पुढच्या वर्षी कायदा बदलून डिसअफेक्शनमध्ये डिसलॉयल्टी येते असं स्पष्ट लिहूनच टाकलं.

आणि हाच डिसलॉयल आज सगळ्यात हलका शब्द आहे. त्याला कृत्य लागतच असं नाही, पाठीशी उभं राहिला नाही एवढंही पुरतं. ऑफिस, टीम, मित्र, पक्ष यांच्यासाठी बहुतेक वेळा हाच बरोबर असतो. फक्त जुनी सरकारी कागदपत्रं वाचताना तो हलका समजू नका, तिथे त्याच्यामागे तुरुंग होता.

नवरा-बायकोच्या बाबतीत अनफेथफुल. फेथलेस जवळचाच पण जुन्या वळणाचा, आजकाल तो जास्त दिसतो अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत, राज्यात ज्या उमेदवाराला मत द्यायचं ठरलंय ते सोडून दुसऱ्यालाच मत देणारा इलेक्टर (अध्यक्ष निवडणारा राज्याचा प्रतिनिधी) म्हणजे फेथलेस इलेक्टर, २०१६ ला असे बरेच निघाले. आणि चीटिंगमध्ये आपले लोक हमखास गडबड करतात. 'ही चीटेड मी' म्हणजे त्याने माझे पैसे खाल्ले किंवा मला फसवलं, 'ही चीटेड ऑन मी' म्हणजे त्याचं बाहेर लफडं होतं. एका 'ऑन'ने पोलीस स्टेशनचं प्रकरण फॅमिली कोर्टात जातं.

पक्ष बदलणाऱ्यांसाठी दोन शब्द आहेत, डिफेक्टर आणि टर्नकोट. टर्नकोटमध्ये शिवी आहेच. डिफेक्टर तसा कोरडा शब्द, आणि आपल्या बाजूला आलेल्याला तर लोक कौतुकानेही डिफेक्टर म्हणतात, ब्रिटिश गुप्तहेर खात्यात राहून रशियासाठी हेरगिरी करणारा किम फिल्बी १९६३ मध्ये मॉस्कोला पळाला तेव्हा लंडनसाठी ट्रेटर आणि मॉस्कोसाठी हिरो. म्हणून बातमी लिहिताय तर डिफेक्टर, अग्रलेखात राग काढायचाय तर टर्नकोट. क्विझलिंग हा शब्द नॉर्वेच्या विडकुन क्विझलिंगवरून आला, नाझींच्या मदतीने सत्ता घेणारा, १९४५ ला त्याला गोळ्या घातल्या. तो फक्त परक्या सैन्याशी हातमिळवणी करणाऱ्यासाठी राखून ठेवा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरची बाजू घेणाऱ्या सेक्रेटरीला तो फार होतो.

उरला बिट्रे, आणि मला विचाराल तर अडलात की हाच घ्या, देश, मित्र, बायको, विश्वास, तत्त्व, सगळ्यांना चालतो. फक्त त्याचा एक दुसरा अर्थ आहे, नकळत उघड होणं. 'हिज व्हॉइस बिट्रेड हिज फिअर' याचं भाषांतर 'आवाजाने त्याच्या भीतीचा विश्वासघात केला' असं केलेलं दिसतं अधूनमधून, ते 'आवाजावरून कळत होतं की तो घाबरलाय' इतकं साधं आहे. आणि उलट बाजूने, आपल्या पेपरात 'साक्षीदार फितूर' छापून येतं त्याचं इंग्रजी करताना बिट्रेही नको आणि ट्रेटरही नको, तिथे साक्षीदार होस्टाइल होतो.