मोरचूद वापरताय? या चुका टाळा

मोरचूद म्हणजेच कॉपर सल्फेट. त्याच्या बाटलीवरचं लेबल शेवटपर्यंत वाचणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. नाव वाचलं, आतला माल निळा दिसला, की बाटली थेट वजनकाट्यापाशी. निम्मे घोळ तिथेच होतात.

निळे खडे म्हणजे पेंटाहायड्रेट (सूत्रात पाण्याचे पाच रेणू), रेणुभार २४९.७. त्यातलं पाणी गेलं की उरते ती पांढरी निर्जल पूड, रेणुभार १५९.६. फोनवर शोधलं की बऱ्याचदा १५९.६ हाच आकडा आधी दिसतो आणि मंडळी तोच उचलतात.

एका बॅचचं आयोडोमेट्रीचं प्रॅक्टिकल चालू होतं (तांबं आयोडाइडमधून आयोडीन सोडतं, ते थायोसल्फेटने मोजायचं). २५ मिली कॉपर द्रावणाला ०.१ मोलर थायोसल्फेट साधारण २५ मिली लागायला हवं, पण सगळ्यांचं रीडिंग १६ वर येऊन थांबत होतं. ‘थायो जुनं झालंय’ असा एकमताने निकाल लागला. चांगलं लिटरभर थायो सिंकमध्ये ओतलं, नवं बनवलं, डायक्रोमेटने प्रमाणित केलं, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता तपासली. पुन्हा १६. मग ब्युरेट बदललं, स्टार्च ताजं उकळलं, दुपार गेली. थायो खरंच कमजोर असतं तर रीडिंग वाढलं असतं, घटलं नसतं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. शेवटी रफ वही मागवली. २५० मिलीसाठी ६.२४ ग्रॅम खडे हवे होते, रेणुभार १५९.६ धरून घेतले होते ३.९९. द्रावण ०.१ ऐवजी ०.०६४ मोलर झालं होतं. आता २५ ला ०.६४ ने गुणा, रीडिंग १६ च येणार! तेव्हापासून माझा नियम: वहीत लेबलवरचं सूत्र पाण्यासकट लिहिलेलं दिसल्याशिवाय काट्याला हात लावायचा नाही. मुलं वैतागतात. वैतागू देत.

त्याच प्रयोगातली दुसरी चूक म्हणजे स्टार्च (आयोडीनसोबत निळा रंग देणारा दर्शक) सुरुवातीलाच ओतणं. आयोडीनचा रंग फिका गवती होईपर्यंत थांबायचं. एंड पॉइंटनंतर, म्हणजे निळा रंग जाऊन टायट्रेशन संपल्यावर, तो रंग परत डोकावत असेल, तर क्युप्रस आयोडाइडच्या साक्याने आयोडीन धरून ठेवलंय. शेवटाकडे थोडं पोटॅशियम थायोसायनेट टाका.

स्वस्त पडतो म्हणून कृषी सेवा केंद्रातला मोरचूद आणू नका. बोर्डो मिश्रणाला (पिकांवरच्या बुरशीनाशकाला) तो ठीक. त्यात फेरिक लोह असेल तर तेही आयोडाइडमधून आयोडीन सोडतं आणि रीडिंग फुगतं.

खड्यांवर पांढरी बुरशीसारखी पूड चढली असेल तर पाणी उडालंय. तो माल प्रमाण द्रावणाला नको.

तापवण्याचा प्रयोग म्हणजे उतावळ्यांची परीक्षाच. बर्नर पूर्ण सोडून परीक्षानळी थेट ज्योतीवर धरतात आणि पांढऱ्याऐवजी करडी-काळी राख घेऊन येतात. तो काळा भाग कॉपर ऑक्साइड. सल्फेटचंच विघटन झालं, आणि वर घशाला झोंबणारा धूर. चिनी मातीच्या बशीत, वाळूवर, मंद आचेवर ढवळत बसा. ५ ग्रॅम खड्यांचे साधारण ३.२ ग्रॅम उरले पाहिजेत. परीक्षानळीच वापरायची तर तोंड किंचित खाली झुकवा, नाहीतर वाफेचं पाणी गरम तळाशी परत येतं आणि काच तडकते. थंड करायचं ते डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात. बाकावर ठेवून चहाला गेलात तर पूड हवेतलं पाणी ओढून पुन्हा निळसर होते. निर्जल पुडीवर पाणी एकदम ओतू नका, चांगलीच तापते.

द्रावण गढूळ होतंय? नळाचं पाणी वापरलंत. डिस्टिल्ड घ्या, सौम्य सल्फ्युरिक आम्लाचे दोन-चार थेंब टाका. फेहलिंगची (साखर तपासायची) अ आणि ब द्रावणं, ज्यातल्या अ मध्ये हेच कॉपर सल्फेट असतं, आधीच मिसळून ठेवू नका.

आता सुरक्षितता. निळा रंग गोड दिसतो म्हणून कुणी गांभीर्याने घेत नाही. डोळ्यात गेलं तर गंभीर इजा होते: चष्मा हवाच, आणि उडालंच तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून धुवायचा, मग डॉक्टर. पिपेट तोंडाने ओढणारा माझ्या लॅबमध्ये दिसला तर त्या दिवशी तो बाहेर. पोटात गेलं तर उलटी करवण्याच्या फंदात न पडता तडक दवाखाना गाठा. घरी स्फटिक वाढवायचे तर अॅल्युमिनियमचं पातेलं नको, आणि स्वयंपाकाचं कुठलंच भांडं नको.

उरलेलं द्रावण सिंकमध्ये तर मुळीच नाही. माशांना तांबं फार थोड्या प्रमाणातही मारक ठरतं, शिवाय लोखंडी पाइप खाल्ला जातो तो वेगळाच. माझ्याकडे झाकणाचा प्लॅस्टिकचा कॅन आहे. त्यात जुने खिळे टाकून ठेवतो, तांबं खिळ्यांवर बसतं. निळा रंग गेला की सोडा घालून उरलेला साका पाडायचा, गाळायचा आणि लॅबच्या घातक कचऱ्यात द्यायचा.