ट्रंकेतल्या कागदांवरून सालाझारचा काळ कसा वाचावा

माझ्या आईवडिलांच्या लग्नाची पत्रिका १९५३ सालची आहे. वर ‘श्री मंगेश प्रसन्न’, खाली दोन्ही घराण्यांची नावं, मुहूर्त, आणि तळाशी उजव्या कोपऱ्यात पुसट जांभळा शिक्का. लहानपणी मला तो छापखान्याचा वाटायचा. तो सेन्सॉरचा होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या अमलात गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सरकारी नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नसे.

मी फोंडा तालुक्यात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यापासून जुनी मुलं भेटली की विचारतात, ‘बाई, आमच्या आजीकडून तो काळ कसा काढून घ्यायचा?’ १९६१ मध्ये जो पंधरा वर्षांचा होता तो आज ऐंशीच्या घरात आहे. त्यामुळे हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका. मी कशी करत आले ते सांगते.

सगळ्यात आधी वहीच्या पहिल्या पानावर सालं लिहा. आमच्याकडे ‘पोर्तुगीज काळ’ म्हणून सगळं एकाच पोत्यात भरतात: इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, पाडलेली देवळं, पाखले म्हणजे गोरे पोर्तुगीज, सालाझार. तिसवाडी, बार्देश, सासष्टीत पोर्तुगीज चारशेहून जास्त वर्षं होते. आमचं फोंडं त्यांच्या हाती लागलं अठराव्या शतकात. हुकूमशाही ही यातली शेवटची पस्तीस वर्षं. १९१० साली पोर्तुगालात राजा गेला, प्रजासत्ताक आलं, आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्यानं बरोबरीचा दर्जा मिळाला. मराठी शाळा, वाचनालयं, नियतकालिकं यांचा जो बहर जुनी माणसं सांगतात तो त्यानंतरचा. मग २८ मे १९२६ ला पोर्तुगालात लष्करानं सत्ता घेतली. १९२८ मध्ये कुईंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक आंतोनियु सालाझार अर्थमंत्री झाला, १९३२ मध्ये पंतप्रधान, आणि १९३३ च्या घटनेनं ‘एश्तादु नोव्हु’, म्हणजे ‘नवं राज्य’, उभं राहिलं. १९६८ मध्ये आजारपणानं त्याच्या हातून सत्ता गेली, पण ते राज्य पोर्तुगालात २५ एप्रिल १९७४ पर्यंत टिकलं. आपण १९ डिसेंबर १९६१ ला त्यातून सुटलो.

आजी एखादी गोष्ट सांगते ती १९२६ च्या अलीकडची की पलीकडची, एवढं ठरवलं तरी अर्धं काम होतं. आमच्या आजोबांनी मित्रांबरोबर वाचनालय काढलं ते १९२१ मध्ये, एका ओसरीवर, दोन कपाटांत. त्याच वाचनालयाच्या १९३८ च्या वार्षिक सभेसाठी अर्ज करावा लागला आणि सभा संपेपर्यंत एक शिपाई दाराशी बसून होता. ओसरी तीच, माणसं तीच. मधल्या सतरा वर्षांत काय घडलं हे दोन्ही सालं शेजारी लिहिल्याशिवाय कळत नाही.

त्याच पानावर १९३० हे साल ठळक करा. त्या वर्षी सालाझारनं ‘वसाहत कायदा’ आणला. समुद्रापारचे मुलूख ताब्यात ठेवणं आणि तिथल्या रहिवाशांना ‘सुसंस्कृत’ करणं हे पोर्तुगीज राष्ट्राचं मूळ कार्यच आहे, असं त्यात लिहिलं होतं. गोव्यातले पत्रकार लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी त्याच वर्षी गोव्याच्या विधिमंडळात याविरुद्ध ठराव मांडला आणि स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला. पुढे १९५१ मध्ये सरकारनं ‘वसाहत’ हा शब्द काढून ‘समुद्रापारचा प्रांत’ असा केला. जुन्या शालेय पुस्तकावर किंवा दाखल्यावर यातला कुठला शब्द आहे ते बघा. साल फाटून गेलं असेल तरी कागदाचा अंदाज येतो.

आता विचारायचं कसं. इथे मी स्वतः चुकले, ते सांगते. मामांसमोर वही उघडून मी सरळ विचारलं, ‘तुम्हाला सालाझारची भीती वाटायची का?’ मामा म्हणाले, ‘तें आतां कित्याक गो?’ (ते आता कशाला गं?) आणि उठून गोठ्याकडे गेले. भीतीबद्दल विचारलं की म्हातारं माणूस स्वतःला भित्रा ठरवायचा नाही आणि शूर म्हणवून घ्यायलाही संकोचेल. तीन महिन्यांनी मी काही न विचारता ती पत्रिका त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, पत्रिका डोळ्यांजवळ नेली आणि शिक्क्यावर नाही, मधल्याच एका ओळीवर अंगठा ठेवला. ‘हांगा पळय,’ म्हणजे इथे बघ, म्हणाले. ओळ होती: ‘रात्रौ          कीर्तन’. दोन शब्दांमध्ये चार बोटं मोकळी जागा. इतकी वर्षं मी ती छपाईतली चूक समजत होते. तिथे ‘राष्ट्रीय’ हा शब्द होता. सतरा वर्षांचे मामा दुर्भाटच्या धक्क्यावरून गॅसोलीनीत, म्हणजे मोटरच्या होडीत, बसून पणजीला पत्रिकेचं प्रूफ घेऊन गेले होते. दोन दिवस बाकावर बसवून ठेवल्यावर प्रूफ परत मिळालं, त्यात तो एक शब्द खोडलेला. अक्षरांचे खिळे जुळवून झाले होते, मुहूर्त जवळ आला होता. छापखानेवाल्यानं तेवढे खिळे उपसले आणि जागा तशीच सोडली.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते: कशाकशाला परवानगी लागायची? या प्रश्नाला माणसं मोकळी होतात, कारण त्यात कोर्टकचेरीतल्या खेपांची आठवण असते आणि ती सांगायला कुणी लाजत नाही. जत्रेतल्या नाटकाची संहिता कुणी वाचून द्यायची? मुंबईहून येणाऱ्या पाव्हण्याच्या पिशवीतली वर्तमानपत्रं सीमेवर कोण काढून घेई? चार माणसं जमवून भाषण करायचं झालं तर? १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस उभे राहिले ते मुळात याच मुद्द्यावर, की सभा घ्यायला आणि बोलायला परवानगी मागणार नाही. पाठ्यपुस्तकात ती तारीख वाचून मुलांच्या अंगावर काटा येत नाही. पत्रिकेतली मोकळी जागा दाखवली की वर्ग गप्प होतो.

रेडिओबद्दल वेगळं बसून विचारा. घरात रेडिओ कुठल्या खोलीत होता, आवाज किती ठेवायचे, दार लावायचे का. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त नभोवाणी चालवली, पोर्तुगीज आणि कोंकणीत. ती कुणी ऐकली होती का, हे विचाराच. आमच्या शेजारच्या काकींना त्या बातम्या आठवत नव्हत्या. आठवत होतं ते सासरे रेडिओवर घोंगडी टाकून आत डोकं घालून बसत ते.

‘पाल्मातोर’ हा शब्द मात्र जपून काढा. मूठ असलेली, पुढे गोल, भोकं पाडलेली जाड लाकडी फळी. मास्तरही वापरत आणि पोलीसही. शाळेतल्या पाल्मातोरबद्दल लोक सहज सांगतात. पोलीस ठाण्यातली असेल तर आवाज बदलतो. तिथे थांबा. ‘पुढे काय झालं’ म्हणू नका, चहा ठेवा. सांगायचं असेल तर ते माणूस पुन्हा तिथे येतं. आणि गावातल्या खबऱ्याचं नाव कुणी सांगितलं तर ते वहीत वेगळं ठेवा, लेखात छापू नका. त्याची नातवंडं आज तुमच्याच गल्लीत राहतात आणि आपल्याकडे पुरावा एका आठवणीचा असतो.

दुसरी अडचण उलट्या बाजूनं येते. दहातली पाच माणसं म्हणतील, ‘सालाझाराच्या वेळेला सगळं स्वस्त होतं, चोऱ्या नव्हत्या.’ हे ऐकून चिडू नका आणि वाद घालू नका. ते खोटं बोलत नाहीत. १९५० च्या दशकात खनिज लोखंड जपानला जाऊ लागलं, हातात पैसा आला; भारतानं आर्थिक नाकेबंदी केल्यावर माल जहाजांनी परदेशातून यायला लागला. माझी आत्या हॉलंडच्या बटाट्यांची आणि विलायती बिस्किटांच्या डब्यांची वर्णनं अजून करते. मी तिला एवढंच विचारलं, ‘आत्ये, तो डबा महाग झाला असता तर तक्रार कुठे करायची?’ ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘तक्रार करायची असं आम्हाला कधी सुचलंच नाही.’ हे वाक्य मी तारीख घालून तिच्याच शब्दांत लिहून ठेवलं आहे. तुम्हीही असंच करा. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा, एकानं दुसरं पुसू नका.

घरातलं कुणी पकडलं गेलं होतं, अशी नुसती कुजबुज असेल तर कागदपत्रांकडे वळा. त्यासाठी आधी आडनावाचं पोर्तुगीज रूप शोधा, नाहीतर समोर असलेला कागदही सापडत नाही. प्रभूचं ‘पोरोबो’, शेणवीचं ‘सिनाय’, कामतचं ‘कामोतीम’ झालेलं असतं. पणजीच्या पुराभिलेख खात्यात जाताना ही रूपं, गावाचं जुनं नाव आणि निदान अंदाजे साल कागदावर लिहून न्या. पोर्तुगालच्या राजकीय पोलिसांची, म्हणजे ‘पीद’ची, दप्तरं आता लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पोर्तुगीज पासपोर्ट काढून तिकडे गेलेले भाचे-पुतणे प्रत्येक घरात आहेत. त्यांना एक खेप घालायला सांगा.

तिकडचा विचार केल्याशिवाय इकडचं चित्र पुरं होत नाही, हे मला उशिरा कळलं. आम्ही शिकवताना ‘पोर्तुगीज विरुद्ध आपण’ असंच शिकवलं. पण सालाझारनं आपल्याच लोकांनाही तसंच बांधून ठेवलं होतं. पक्ष एकच, ‘युनियांव नासियोनाल’. कामगार संघटना मोडून सरकारी संघ केले, मुसोलिनीच्या १९२७ च्या कामगार सनदेचा नमुना समोर ठेवून. १९३६ मध्ये शाळकरी मुलांची गणवेशधारी संघटना आली, हात पुढे करून सलामी, पट्ट्याच्या बकलावर ‘एस’. त्याच वर्षी सरकारी नोकरीसाठी साम्यवाद नाकारल्याचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं झालं आणि केप व्हर्दे बेटांवर ताराफाल इथे राजकीय कैद्यांची छावणी उघडली. १९६० च्या सुमारास पोर्तुगालात तिघांतल्या जवळजवळ एकाला लिहितावाचता येत नव्हतं.

पोर्तुगालातल्या पेनिशच्या सागरी किल्ल्यात गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे कैदेत होते; पोर्तुगीज कम्युनिस्ट नेता आल्व्हारु कुन्याल त्याच किल्ल्यातून १९६० च्या जानेवारीत निसटला. गोव्यात छळासाठी कुप्रसिद्ध झालेला कासिमिरो मोंतेरो हा पोलीस पुढे ‘पीद’साठी काम करू लागला. सालाझारविरोधी जनरल उंबेर्तु देलगादु यांचा १९६५ मध्ये स्पेनच्या हद्दीत खून झाला, त्यासाठी पोर्तुगालच्या न्यायालयानं १९८१ मध्ये त्याला गैरहजेरीत दोषी ठरवलं.

आमच्याच तालुक्यातलं नाव घ्यायचं तर मोहन रानडे. सांगलीचे मनोहर आपटे, सावई वेरेला मराठीचे मास्तर म्हणून आले, सशस्त्र लढा देणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेले, १९५५ मध्ये जखमी अवस्थेत पकडले गेले. गोवा १९६१ ला मुक्त झाला आणि हा माणूस लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगातून १९६९ च्या जानेवारीत सुटला. सावई वेरेत त्यांच्याकडे शिकलेलं कुणी अजून असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यांच्याकडे जा.

मुलं हमखास विचारतात, सालाझार फॅसिस्ट होता की नाही. यावर इतिहासकारांचं एकमत नाही. त्याला रस्त्यावरची गर्दी नको असे, आणि ‘निळे डगलेवाले’ म्हणून ओळखली जाणारी उघड फॅसिस्ट चळवळ त्यानंच १९३४ मध्ये बंद पाडली. मी त्याला फॅसिस्ट म्हणते, कारण एकच पक्ष, गुप्त पोलीस, सलामी, सेन्सॉर हे सगळं जागच्या जागी होतं. पण मुलाखतीत हा शब्द तुम्ही आधी उच्चारू नका. समोरचं माणूस मग तुमचाच शब्द परत करतं.

कागद सांभाळायचं थोडक्यात: लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाउजेडी काढा आणि मूळ कागद साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळून पावसाळ्याआधी जमिनीपासून उंच ठेवा. ध्वनिमुद्रण करताना सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याची संमती त्यांच्याच आवाजात घ्या.

आणि निघताना, चपला घालता घालता, एक प्रश्न आणखी विचारा. वही मिटलेली असते, माणूस सैल झालेलं असतं. मी त्या दिवशी मामांना पायरीवरून विचारलं, ‘मग त्या रात्री कीर्तन कशावर झालं?’

‘कीचकवधावर,’ मामा म्हणाले. ‘पहाटे तीन वाजेपर्यंत. शिपाई पण बसून होता.’