‘परमिशन डिनाइड’ दिसलं की लगेच नवी की बनवू नका

इंदुरातल्या आमच्या विजयनगरच्या ऑफिसात कोणाला कुठल्या रिपॉझिटरीत (प्रोजेक्टचा कोड ठेवायच्या जागेत) घ्यायचं आणि कोणाला काढायचं, हे काम माझ्याकडे आहे. ऑफिसात मी ‘मॅडम’ आणि राजेंद्रनगरच्या आमच्या सोसायटीत ‘काकू’, पण तक्रार दोन्हीकडची एकच: "काकू, पुश होऊन नाही राहिलं." म्हणजे कोड सर्व्हरवर चढत नाहीये. सोबत एक स्क्रीनशॉट, आणि त्यात नेमकी शेवटची ओळ कापून घेतलेली: ‘प्लीज मेक शुअर यू हॅव द करेक्ट अ‍ॅक्सेस राइट्स अँड द रिपॉझिटरी एग्झिस्ट्स.’

या ओळीवरून काहीही कळत नाही. एसएसएचने (सर्व्हरशी बोलायच्या सुरक्षित वाटेने) जाताना की (ओळख पटवणाऱ्या दोन फाइलींची जोडी, एक खाजगी आणि एक ‘.पब’वाली) चुकली, नेट गेलं, रिपॉझिटरीच्या नावात एक अक्षर कमी पडलं, काहीही झालं तरी गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) शेवटी हेच छापतं. कामाची ओळ हिच्या वर असते, आणि पोरं तीच कापून टाकतात.

त्याहून मोठी अडचण म्हणजे माझ्यापर्यंत येण्याआधी त्यांनी एक उद्योग उरकलेला असतो. कुठेतरी वाचून नवी की बनवलेली असते. ‘या नावाची फाइल आधीच आहे, ओव्हरराइट करू का?’ असं मशीन विचारतं, हे वाय दाबून मोकळे होतात. मग जुन्या कीवर जे जे नीट चालत होतं, म्हणजे ऑफिसचा टेस्ट सर्व्हर, दुसऱ्या क्लायंटची रिपॉझिटरी, तेही बंद पडतं. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस ताप घेऊन घरी जातो. तेव्हा नवी की बनवणं हा शेवटचा उपाय. त्याआधी सर्व्हरला विचारायचं की तू मला कोण समजतोयस, आणि त्या माणसाला इथे मुभा आहे का. प्रवेश नाकारला जाण्यामागे हे दोनच प्रश्न असतात. बाकी सगळा पसारा यांच्याच पोटात.

मी उदाहरणं गिटहब या साइटची देतेय, कारण आमचं सगळं तिथे आहे. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

आधी पत्ता बघा

टर्मिनलमध्ये प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘गिट रिमोट -व्ही’ चालवा. पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल तर तुमच्या एसएसएच कीचा इथे काडीचा संबंध नाही, इथे टोकन (पासवर्डच्या जागी टाकायचा लांबलचक कोड) चालतं. ‘गिट@गिटहब.कॉम’ने सुरू होत असेल तर टोकनचा संबंध नाही, इथे की चालते. ही एक गोष्ट न बघता लोक दुपार घालवतात. टोकन तीन वेळा बदलतात आणि पत्ता एसएसएचचा असतो.

बघताबघता स्पेलिंगही तपासा. ब्राउझरमध्ये रिपॉझिटरी उघडून तिथला पत्ता शेजारी ठेवा आणि अक्षर अक्षर जुळवा. चुकला असेल तर ‘गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन’ आणि पुढे बरोबर पत्ता, एवढंच.

आणि ‘गिट कॉन्फिग’मधलं ‘युजर.नेम’ आणि ‘युजर.ईमेल’ बदलत बसू नका. ते कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) छापायचं नाव आहे, प्रवेशाशी त्याचं देणंघेणं नाही. तिथे तुम्ही अहिल्याबाई होळकर लिहिलंत तरी सर्व्हर तुम्हाला कीवरून किंवा टोकनवरूनच ओळखणार.

एसएसएचचा पत्ता असेल तर

‘एसएसएच -टी गिट@गिटहब.कॉम’ चालवा. टी कॅपिटल. आणि ‘गिट’च्या जागी स्वतःचं युजरनेम घालू नका. गिटहबवर सगळे ‘गिट’ याच नावाने आत जातात, कोण ते कीवरून ठरतं.

उत्तर येतं: ‘हाय अमुक! यू हॅव सक्सेसफुली ऑथेंटिकेटेड, बट गिटहब डझ नॉट प्रोव्हाइड शेल अ‍ॅक्सेस.’ यातला ‘बट’ वाचून पुष्कळ जण घाबरतात. घाबरायचं काही नाही, हे यशाचंच उत्तर आहे. शेल (सर्व्हरवर आज्ञा चालवायची जागा) कोणालाच मिळत नाही. आपल्याला बघायचंय ते ‘हाय’च्या पुढचं नाव.

नाव तुमचंच असेल तर की ठणठणीत आहे, तिला हात लावू नका. अडचण मुभेची आहे, त्याचं खाली सांगते. नावाच्या जागी ‘मालक, तिरकी रेघ, रिपॉझिटरी’ असं काही दिसलं तर ती डिप्लॉय की आहे. ती एकाच रिपॉझिटरीपुरती असते, आणि जोडताना लिहिण्याची परवानगी मुद्दाम दिली नसेल तर तिने फक्त वाचता येतं. सर्व्हरवर पुल होतं (कोड खाली येतो) पण पुश होत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

नाव दुसऱ्याच खात्याचं असेल तर खरी गंमत. आमच्याकडची एक मुलगी घरच्या लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होती. क्लोन करताना (रिपॉझिटरीची प्रत मशीनवर घेताना) ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’. ब्राउझरमध्ये रिपॉझिटरी समोर दिसतेय आणि टर्मिनल म्हणतंय ती नाहीच. ‘एसएसएच -टी’ने ‘हाय’ म्हटलं ते तिच्या कॉलेजच्या जुन्या खात्याला. तिच्याकडे दोन की होत्या. एसएसएच त्या एकामागून एक सर्व्हरला दाखवतं, आणि सर्व्हर पहिली ओळखीची की दिसली की तिथेच थांबतो. त्या खात्याला आमच्या खाजगी रिपॉझिटरीत मुभा नव्हती, आणि मुभा नसलेल्याला गिटहब खाजगी रिपॉझिटरी आहे हेही सांगत नाही, सरळ ‘नाहीच’ म्हणतं. म्हणून ‘नॉट फाउंड’ वाचून नुसता पत्ता तपासत बसू नका, तोही प्रवेश नाकारण्याचाच एक प्रकार आहे.

उपाय होम फोल्डरमधल्या ‘.एसएसएच’ या फोल्डरात ‘कॉन्फिग’ नावाच्या फाइलीत. चार-पाच ओळी लागतात: ‘होस्ट गिटहब-ऑफिस’, खाली ‘होस्टनेम गिटहब.कॉम’, ‘युजर गिट’, ‘आयडेंटिटीफाइल’ आणि ऑफिसच्या खाजगी कीचा पूर्ण मार्ग, शेवटी ‘आयडेंटिटीज्‌ओन्ली येस’. ही शेवटची ओळ विसरू नका, तिच्याशिवाय एजंटमधल्या (की हाताशी ठेवणाऱ्या एसएसएचच्या मदतनिसातल्या) बाकीच्या की पुन्हा मध्ये घुसतात. मग रिमोटच्या पत्त्यात ‘गिटहब.कॉम’च्या जागी ‘गिटहब-ऑफिस’ लिहायचं.

आता खुद्द ‘परमिशन डिनाइड’, पुढे कंसात ‘पब्लिककी’. म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलात, पण तुमची एकही की त्याच्या ओळखीची निघाली नाही. इथे ‘एसएसएच -व्हीटी गिट@गिटहब.कॉम’ चालवा, व्ही लहान, टी कॅपिटल. धबधब्यासारखा मजकूर येईल. सगळा वाचायचा नाही, ‘ऑफरिंग पब्लिक की’ या ओळी शोधायच्या.

तुमची की त्यात दिसतच नसेल तर एसएसएचने ती दाखवलीच नाही. नेहमीचं कारण फाइलीचं नाव. ‘आयडी_ईडी२५५१९’, ‘आयडी_आरएसए’ अशी ठरावीक नावं एसएसएच आपणहून बघतं. तुम्ही कौतुकाने ‘ऑफिस_की’ नाव ठेवलंत तर त्याला ते सांगावं लागतं, वरच्या कॉन्फिगमध्ये किंवा ‘एसएसएच-अ‍ॅड’ने. एजंटकडे काय आहे ते ‘एसएसएच-अ‍ॅड -एल’ सांगतं. ‘द एजंट हॅज नो आयडेंटिटीज’ आलं तर तो रिकामा आहे. मशीन बंद करून चालू केल्यावर पुष्कळ ठिकाणी तो रिकामाच असतो, म्हणून "काल तर चालत होतं" हे वाक्य मला इतकं पाठ आहे.

आणखी दोन जागा. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर विंडोजचं होम वेगळं आणि लिनक्सचं वेगळं. की एकीकडे बनवून दुसरीकडून पुश केलं तर सापडणार नाही. आणि ‘सुडो गिट पुश’ करणाऱ्यांना तर काय सांगू! सुडो लावलं की तुम्ही रूट, म्हणजे मशीनचे सर्वाधिकारी झालात, आणि एसएसएच रूटच्या फोल्डरात की शोधायला जातं. सुडो काढा.

की दाखवली गेली पण स्वीकारली गेली नाही, तर ती खात्यात नाही. नजरेने अक्षरं जुळवू नका, ‘एसएसएच-कीजेन -एलएफ’ आणि पुढे ‘.पब’ फाइलीचं नाव दिलं की तिचा ठसा (फिंगरप्रिंट) मिळतो. गिटहबच्या सेटिंगमध्ये एसएसएच कींच्या यादीतही असाच ठसा दिसतो. दोन्ही एक हवेत. यादीतून की गायब असेल तर कोणी हॅक केलं असं लगेच समजू नका. वर्षभर न वापरलेली की गिटहब स्वतःच काढून टाकतं. लांब रजेवरून परतलेल्यांच्या बाबतीत हे होतं.

‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’ असा मोठ्या अक्षरांतला इशारा आला तर की पेनड्राइव्हवरून आणलेली असणार. फाइल सगळ्यांना वाचता येतेय, म्हणून एसएसएच ती वापरायला नकार देतं. लिनक्स आणि मॅकवर ‘सीएचमॉड ६००’ आणि खाजगी कीचं नाव, काम झालं.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं तर मात्र कीचा विषयच नाही. तुम्ही दारापर्यंतही पोचला नाहीत. भंवरकुआंकडच्या होस्टेलांत राहणाऱ्या पोरांचं हे रडगाणं असतं, कारण होस्टेलच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर २२ नंबरचा पोर्ट, म्हणजे एसएसएचची नेहमीची वाट, बंद असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालून गेलं की निदान पक्कं. गिटहब ४४३ पोर्टवरही एसएसएच देतं: ‘एसएसएच -टी -पी ४४३ गिट@एसएसएच.गिटहब.कॉम’ चालवून बघा. यात टी कॅपिटल, पी लहान. चाललं तर कॉन्फिगमध्ये ‘होस्ट गिटहब.कॉम’खाली ‘होस्टनेम एसएसएच.गिटहब.कॉम’, ‘पोर्ट ४४३’ आणि ‘युजर गिट’ लिहून टाका.

‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ हा वेगळा प्राणी. २४ मार्च २०२३ ला हा जगभर दिसला, कारण गिटहबची आरएसए होस्ट की (सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणारी की) थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती आणि त्यांनी ती बदलली. तेव्हा ‘एसएसएच-कीजेन -आर गिटहब.कॉम’ने आपल्या मशीनवरची जुनी नोंद काढणं बरोबर होतं, आर कॅपिटल. पण आज सराफ्यातल्या फुकटच्या वायफायवर अचानक हा इशारा आला तर सवयीने नोंद उडवू नका. गिटहबच्या मदतपानांवर त्यांच्या होस्ट कींचे ठसे दिलेले आहेत, ते जुळल्याशिवाय ‘येस’ टाइप करायचं नाही.

एचटीटीपीएसचा पत्ता असेल तर

१३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब इथे खात्याचा पासवर्ड घेत नाही. पासवर्ड विचारला की तिथे पर्सनल अ‍ॅक्सेस टोकन टाकायचं. बारीक परवानग्यांचं टोकन बनवत असाल तर तीन गोष्टी बघा: रिसोर्स ओनर म्हणून स्वतःचं खातं न निवडता ऑर्गनायझेशन (ऑफिसचं सामायिक खातं) निवडलीत का, ती रिपॉझिटरी यादीत घेतलीत का, आणि ‘कंटेंट्स’ला ‘रीड अँड राइट’ दिलंत का. मुदत संपलेलं टोकन गुपचूप नापास होतं, तीही तारीख बघा.

इथला सगळ्यात बोलका संदेश ४०३चा (हा सर्व्हरचा मनाईचा आकडा): ‘परमिशन टू अमुक रिपॉझिटरी डिनाइड टू तमुक’. त्या ‘तमुक’मध्ये निदान लिहून दिलेलं असतं. माझ्या भाच्याने मोठ्या भावाचा जुना लॅपटॉप घेतला. टोकन नवं, मुभा बरोबर, तरी ४०३. मी म्हटलं, "अरे, शेवटचा शब्द वाच." तर तिथे दादाचं युजरनेम! विंडोजने दादाचं खातं जपून ठेवलं होतं आणि भाच्याला काही विचारतच नव्हतं. कंट्रोल पॅनेल, क्रेडेन्शियल मॅनेजर, विंडोज क्रेडेन्शियल्स, तिथे ‘गिट:’ने सुरू होणारी गिटहबची नोंद काढली, पुढच्या पुशला त्याने नव्याने लॉगिन विचारलं. मॅकवर हीच नोंद कीचेनमध्ये असते.

ओळख बरोबर, तरी आत घेत नाही

मग उपाय माझ्यासारख्या ओनरकडे. पण आधी तुमची ईमेल बघा. रिपॉझिटरीचं निमंत्रण सात दिवसांत स्वीकारलं नाही तर बाद होतं, आणि ते हमखास कॉलेजच्या जुन्या ईमेलवर पडून असतं. क्लोन होतं पण पुश होत नाही, तर तुम्हाला फक्त वाचायची मुभा आहे. ऑर्गनायझेशनला एसएसओ (ऑफिसच्या एकाच लॉगिनने सगळीकडे जायची सोय) असेल तर की किंवा टोकन त्या ऑर्गनायझेशनसाठी वेगळं ऑथराइझ करावं लागतं. कीच्या यादीतच तिच्यासमोर ते बटण असतं. आणि ‘प्रोटेक्टेड ब्रँच’ असा शब्द दिसला तर तुम्हाला कोणी अडवलेलं नाही, मेनवर, म्हणजे कोडच्या मुख्य फांदीवर, थेट पुश बंद आहे. दुसरी ब्रँच (फांदी) काढा, पुल रिक्वेस्ट (माझा बदल मेनमध्ये घ्या अशी विनंती) टाका.

ओनरला लिहिताना ‘चालत नाहीये’ एवढंच लिहू नका, आणि खाजगी की तर कोणालाच पाठवू नका, मागितली तरी नाही. ‘.पब’वाली द्यायला हरकत नाही. मला असा निरोप आला तर चहा संपायच्या आत काम करून देते: "काकू, ‘गिट रिमोट -व्ही’चा पत्ता हा. ‘एसएसएच -टी’ मला याच नावाने हाय म्हणतोय, ते माझंच खातं आहे. क्लोन झालं, पुशला नकार येतोय, पूर्ण संदेश खाली चिकटवलाय. मला राइट मुभा आहे का बघाल का?"